झोंबत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली होती. विशीतला एक मुलगा आईबरोबर आत आला. पेठेत त्याचे मिक्सर, इन्व्हर्टर, मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. उजवा डोळा लालसर झालेला, त्यातून पाणी वाहत होते. "डॉक्टरसाहेब, डोळ्यात कचरा गेलाय, एखादा ड्रॉप द्या," एवढेच त्याचे मागणे. आईची तक्रार वेगळी. "दुपारपासनं सांगतेय दवाखान्यात चल म्हणून. म्हणतो, दुकान कोण बघणार?"

दुपारपासून म्हणजे नक्की कधीपासून, असे विचारले तेव्हा चार तास होऊन गेल्याचे कळले. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर बुबुळाची नेहमीची चकाकी गेलेली. काचेवर वाफ धरावी तसा खालचा भाग धुरकट दिसत होता. खालची पापणी ओढली तर आत दोन-तीन पांढरे कण. तो साधा कचरा नव्हता. लाल लिटमस कागदाचा तुकडा पापणीच्या आतल्या ओलाव्याला लावला, तो निळा झाला.

मग खरी हकीकत बाहेर आली. भंगारवाल्याकडून त्याने एक खोके विकत घेतले होते. कुठल्यातरी दवाखान्याने काढून टाकलेली, कोविडच्या काळात घेतलेली यंत्रे त्यात होती. एका यंत्रात टॉर्चच्या जाड सेलएवढी प्लास्टिकची डबी निघाली. आत काय आहे ते पाहावे म्हणून त्याने ती पकडीने फोडली. आत शिशाचा काळपट गोळा आणि थोडेसे पाणी. "पाणी साबणासारखं बुळबुळीत होतं, वाटलं तेलबिल असेल. पँटला हात पुसले." डबीच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचली होती, तीही बोटांना लागली. थोड्या वेळाने घाम आला आणि त्याच हाताने त्याने डोळा चोळला.

"झोंबलं नाही का रे?"

"थोडं झोंबलं. पण मिरचीच्या हाताएवढंसुद्धा नाही."

त्याच्या या शेवटच्या वाक्यामुळे आजचा लेख लिहायला घेतला.

ती डबी म्हणजे ऑक्सिजनचा सेन्सर. सेन्सर हा शब्द आता आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला मराठी शब्द शोधत बसत नाही. हवेत एखादा वायू किती आहे हे ओळखून यंत्राला सांगणारा तो भाग. सेन्सर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तारा आणि चिप येतात. त्यात पातळ रसायन असेल अशी शंकाही येत नाही. पण वायू मोजणारे पुष्कळसे सेन्सर हे खरे तर लहानशा बॅटऱ्याच असतात. वर एक पातळ पांढरा पडदा असतो. त्यातून हवा आत जाते, पण आतले पातळ बाहेर येत नाही. आत धातूच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायन. वायू आत शिरला की रासायनिक क्रिया होऊन किंचित वीज तयार होते. वायू जास्त तर वीज जास्त, आणि यंत्र त्यावरून आकडा दाखवते.

आतले रसायन कोणते, हे वायूवर अवलंबून असते. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड हे विषारी वायू मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बहुधा सल्फ्युरिक ॲसिड असते. म्हणजे गंधकाम्ल, गाडीच्या बॅटरीत असते त्याच जातीचे. ऑक्सिजनच्या सेन्सरमध्ये पुष्कळदा शिसे आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. यालाच बाजारात कॉस्टिक पोटॅश म्हणतात. ॲसिडच्या उलट गुणाचा हा पदार्थ. शाळेच्या पुस्तकात आम्लारी म्हणतात, आपण अल्कली म्हणू. असे सेन्सर काही व्हेंटिलेटरमध्ये, भूल देण्याच्या यंत्रात, नवजात बाळांच्या कक्षातल्या ऑक्सिजन मोजण्याच्या यंत्रात असतात. रसायन थोडेच असते, काही थेंबांपासून काही मिलिलिटरपर्यंत. पण डोळ्याला एक थेंब पुरतो.

ॲसिड म्हटले की माणूस दचकतो. ते योग्यच आहे. पण अल्कलीला आपण पुरेसे घाबरत नाही, आणि डोळ्याच्या बाबतीत हिशेब बऱ्याचदा उलटा असतो. ॲसिड कातडीला लागले की तिथली प्रथिने गोठतात. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तसे. हा गोठलेला थर एका परीने भिंतीसारखा असतो आणि ॲसिडला खोल जायला थोडा अटकाव करतो. शिवाय ते ताबडतोब झोंबते, त्यामुळे माणूस ओरडत नळाकडे धावतो. अल्कलीचे तसे नाही. ती चरबीचा साबण करते. कास्टिक आणि तेल यांपासून साबण बनवतात हे आपल्याला ठाऊक आहे. अल्कली तेच काम आपल्या कातडीवर करते. बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो तो बहुतेक आपल्याच कातडीतल्या चरबीचा झालेला साबण असतो. तिथे भिंत तयार होत नाही. उती विरघळत जाते, अल्कली आत उतरत जाते, आणि वरून विशेष काही दिसत नसताना तासन् तास तिचे काम चालू राहू शकते. पुष्कळदा झोंबतेही, नाही असे नाही. पण इजेच्या मानाने वेदना कमी असू शकते आणि तिथेच माणूस फसतो.

खेड्यापाड्यात यासाठी वेगळे उदाहरण द्यायला नको. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागते, ती दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना ही अल्कलीच. अशी मुले मी तीस वर्षांत पुष्कळ पाहिली. काहींची नजर वाचली, काहींची अधू झाली. ज्यांच्या घरच्यांनी आधी डोळा धुतला आणि मग रिक्षा शोधली, त्यांचे बरे झाले. ज्यांनी आधी रिक्षा शोधली त्यांचे बरेचसे नुकसान रस्त्यातच झाले. चुन्याची पुडी उंच फळीवर ठेवा, असे मी जाता जाता सांगतो आणि मूळ विषयाकडे येतो.

याच मुलासारखा दुसरा एक रुग्ण दोन वर्षांपूर्वी आला होता. एका कारखान्यात देखभालीचे काम करणारा, चाळिशीचा. वायू मोजण्याच्या जुन्या यंत्रातला सेन्सर बदलताना गळलेले ॲसिड त्याच्या मनगटावर आले. क्षणात आग झाली, त्याने तिथल्या तिथे हात नळाखाली धरला आणि फोरमनने घड्याळ लावून वीस मिनिटे त्याला हलू दिले नाही. माझ्याकडे आला तेव्हा रुपयाएवढा लाल डाग होता. आठ दिवसांत बरा झाला. त्याच्या सेन्सरमधले रसायन काही सौम्य नव्हते. फरक पडला तो वीस मिनिटांच्या पाण्याने.

आधी पाणी, मग दवाखाना

तेव्हा असे काही अंगावर उडाले तर पहिले औषध पाणी, दुसरे औषधही पाणीच. कोणते पाणी याचा विचार करत बसू नका. नळाचे, विहिरीचे, हातपंपाचे, माठातले, जे स्वच्छ आणि हाताशी असेल ते. भिजलेला कपडा काढून टाका. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, कारण त्यांच्याखाली रसायन अडकून राहते. कोरडी भुकटी असेल तर आधी ती झटकून टाका, मग धुवा. धार निदान वीस मिनिटे चालू ठेवा. वीस मिनिटे हा फार मोठा वेळ असतो. माणसे दोन मिनिटांत कंटाळतात आणि "आता बरं वाटतंय" म्हणतात. म्हणून घड्याळ बघा. अल्कली असेल तर बुळबुळीतपणा जाईपर्यंत आणि त्यानंतरही धूत राहा.

डोळ्यात गेले असेल तर एक क्षणही दवडू नका. ज्या डोळ्यात गेले त्या बाजूला डोके कलते करा, म्हणजे वाहून जाणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात शिरणार नाही. पापण्या आपोआप घट्ट मिटतात, त्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात. एकट्याला हे जमत नाही. दुसऱ्याने पापण्या धराव्या आणि तिसऱ्याने तांब्याने बारीक धार नाकाच्या बाजूकडून कानाकडे सोडावी. डोळा वर, खाली, डावीउजवीकडे फिरवायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा. वीस मिनिटे, अल्कली असेल तर अर्धा तास. त्यानंतर मग डॉक्टर, आणि तो त्याच दिवशी. शक्य तर डोळ्यांचाच. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे जिथे अशी कामे चालतात त्या दुकानात, वर्कशॉपमध्ये पाण्याने भरलेला झाकणाचा एक हंडा आणि तांब्या कायम असावा. खर्च काहीच नाही.

आता काय करू नये ते. ॲसिडवर सोडा आणि अल्कलीवर लिंबू चोळण्याची कल्पना शाळेत विज्ञान शिकलेल्या हुशार माणसांनाच सुचते. दोन्ही रसायने भेटली की उष्णता निर्माण होते, आणि रसायनाच्या भाजण्यात आचेची भर पडते. शिवाय ती शोधण्यात वेळ जातो. फरशीवर सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाका, फसफसणे थांबले की भरपूर पाण्याने धुवा, ते ठीक आहे. अंगावर नाही. तूप, खोबरेल, हळद, टूथपेस्ट यांतले काही लावू नका. त्यांच्याखाली रसायन कोंडले जाते आणि डॉक्टरला आधी तेच खरवडावे लागते. डोळ्यात गुलाबजल, मध, अंगावरचे दूध घालू नका. घरातल्या जुन्या ड्रॉपची बाटली तर मुळीच काढू नका. आणि पट्टी बांधून डोळा झाकू नका. आत राहिलेले रसायन झाकून काही उपयोग नाही.

तोंडात गेले तर चूळ भरायला लावा, थुंकायला सांगा. गिळले गेल्याची शंका असेल तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका एकदा भाजली, परत येताना ती पुन्हा भाजते. दूध, ताक, मीठपाणी तांब्यातांब्याने पाजू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि ती डबी किंवा तिच्यावरची चिठ्ठी पिशवीत घालून बरोबर न्या. आत ॲसिड होते की अल्कली हे त्यावरून लगेच कळते.

त्या रात्री मुलाचा डोळा आम्ही सलाईनच्या दोन बाटल्यांनी धुतला. पापणी उलटून कण काढले, दर काही मिनिटांनी लिटमस लावून पाहिले. कागद निळा व्हायचा थांबला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मग जिल्ह्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्याला गाडीत बसवून परत आलो आणि आमच्या सिस्टरना सहज विचारले, "आपलं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुठे आहे हो?"

कपाट उघडले. २०२१ साली दुसऱ्या लाटेत मिळेल त्या किमतीला घेतलेले यंत्र वरच्या कप्प्यात पडून होते. मागचे झाकण काढले तर सेन्सरभोवती पांढरे पापुद्रे आणि पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर. सिस्टर म्हणाल्या, "मागच्या दिवाळीला साफसफाईत मी ते पुसलं होतं, सर. धूळ वाटली." नुसत्या हाताने पुसले होते. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच नाकासमोर. दुसऱ्या कुणी तरी ते खोके भंगारात घातले म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडले होते. ते खोके माझेही असू शकले असते.

सेन्सर गळतो का

नवा, नीट वापरलेला सेन्सर सहसा गळत नाही. पण त्याला आयुष्य असते, बहुतेकांना दोन-तीन वर्षांचे, आणि ते संपते. शिशाच्या ऑक्सिजन सेन्सरची तर गंमत अशी की यंत्र बंद असले तरी तो झिजतच राहतो. हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि शिसे हळूहळू त्याच्या ऑक्साइडमध्ये बदलते. पेटवलेली मेणबत्ती, कुणी उजेड वापरो न वापरो, जळतेच. त्यात हे ऑक्साइड मूळ शिशापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे जुनी डबी आतून फुगते आणि सांध्यातून पाझरू लागते.

सल्फ्युरिक ॲसिडवाल्या सेन्सरचा शत्रू वेगळा, तो म्हणजे आपले हवामान. हे ॲसिड हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने यंत्र दमट खोलीत पडले तर आतले पातळ वाढत जाते आणि जागा पुरेनाशी झाली की बाहेर येते. उलट मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या काचेमागे यंत्र ठेवले तर पाणी उडून जाते आणि उरलेले ॲसिड अधिक तीव्र होते. याखेरीज यंत्र हातातून पडणे, वरच्या पडद्यावर टाचणी किंवा पेनचे टोक खुपसणे, कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणे, यांनी पडदा फाटतो.

नवा सेन्सर बंद पिशवीत येतो. पिशवी फोडण्याआधी ती उजेडात धरून आत ओल दिसते का ते बघावे. दिसली तर न फोडता परत करावी. जुना सेन्सर काढताना रबरी हातमोजे आणि साधा का होईना चष्मा हवा. नंतर हात साबणाने धुवावेत, खाण्याआधी तर नक्कीच. कारण शिसे स्वतःही विषारी आहे, आणि लहान मुलांना ते फार थोड्या प्रमाणातही बाधते. शिसे वितळवून विकण्याच्या मोहाने कुणी अशा डब्या फोडत असेल तर त्याने घरातल्या मुलांचा विचार करावा.

इथे एक भीती मला वाटते. हा लेख वाचून एखादा मुकादम म्हणेल, "नको ते ॲसिडचं यंत्र, उगीच डोक्याला ताप." तसे करू नका. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्या, बायोगॅसचे खड्डे, गटारे, बंद पडलेल्या विहिरी यांत उतरून माणसे मरतात, आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसराही मरतो, हे आपण याच वर्तमानपत्रात वाचतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की आपले नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस पुढे उतरतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत सफाईच्या साधनांच्या यादीत चार वायू मोजणारे यंत्र आहे, ते उगीच नाही. आतले चार थेंब ॲसिड हा त्या यंत्राचा फार लहान दोष आहे.

मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो गळतीशी जोडलेला आहे. विषारी वायूच्या सेन्सरमधले पातळ वाळून किंवा गळून गेले की तो वीज निर्माण करत नाही. वीज नाही म्हणजे यंत्र दाखवते शून्य. स्वच्छ हवेतही चांगला सेन्सर शून्यच दाखवतो. म्हणजे मेलेला सेन्सर आणि शुद्ध हवा, दोघांचा आकडा एकच! ऑक्सिजनचे बरे असते. साध्या हवेत आकडा २०.९ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. सेन्सर संपला की तो खाली येतो आणि यंत्र कोकलते. विषारी वायूचा सेन्सर गुपचूप मरतो. म्हणून माहीत असलेल्या प्रमाणातला वायू नळकांड्यातून त्याच्यावर सोडून यंत्र ओरडते का, हे पाहावे लागते. कामावर उतरणाऱ्या माणसाला "आज हे यंत्र तपासलं का?" असे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मुकादमाला राग आला तरी चालेल.

दवाखान्यांच्या बाबतीत एक वाक्य माझ्या व्यवसायबंधूंसाठी. संपत आलेला सेन्सर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, आणि कमी दिसला की आपण वाढवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. तेव्हा सेन्सरवरची तारीख औषधाच्या तारखेसारखी बघावी.

"आमच्या घरी असलं काही यंत्र नाही," असे बहुतेक वाचक म्हणतील. घरातल्या गॅसगळतीच्या साध्या अलार्ममध्ये आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये असे पातळ नसते हे खरे. ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो. पण २०२०-२१ मध्ये घेतलेला तो ऑक्सिमीटर आज कुठे आहे, सांगता येईल? टेबलाच्या खणात, आणि बहुतेकांच्या घरी सेल आतच. अल्कलाइन सेलमधले रसायन तेच, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सेल संपून पडून राहिले की ते पाझरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याची पांढरी भुकटी होते. भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, मुलांची खेळणी, सगळीकडे हेच. ती भुकटी फुंकर मारून उडवू नका. समोर डोळे तुमचेच असतात. नखाने खरवडू नका. हातात मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घाला, सेल काढा, यंत्राच्या टोकांवर व्हिनेगरचे बोट फिरवा, ओल्या फडक्याने पुसा. (हे व्हिनेगर यंत्रासाठी. अंगाला लागले तर पाणीच.) जे यंत्र रोज वापरत नाही त्यातले सेल काढून ठेवावेत, हे सोपे.

ग्लुकोमीटरमध्ये आणि रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्याची गोष्ट सगळ्यांत वाईट. तो फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते आणि सेलच्या एका बाजूला अल्कली तयार होऊ लागते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मूल कधी रडते, कधी नुसती लाळ गाळते, कधी काहीच करत नाही. नाणे गिळले असेल, उद्या शौचातून पडेल, असे म्हणून थांबू नका. केळी भरवू नका. रात्र असली तरी एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्या.

राहिला प्रश्न जुन्या डब्या टाकायच्या कुठे. उकिरड्यावर नाही, बंबात नाही, आणि दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतही नाही. ती पिशवी भट्टीत जाते आणि शिसे धुरात. बाजूच्या पिनांना चिकटपट्टी लावून, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर ठळक अक्षरांत आत काय आहे ते लिहून ठेवावे. नवा सेन्सर देणारा विक्रेता पुष्कळदा जुना परत घेतो, विचारावे. नाहीतर नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे. भंगारवाल्याला आख्खे यंत्र द्यायचेच झाले तर सेन्सर आणि सेल काढून घेऊन द्यावे. तो बिचारा हातोडीने फोडणार, हे आपल्याला माहीत असते. आमचे यंत्र मी असेच बांधून विक्रेत्याकडे पाठवले. त्याने सुरुवातीला कुरकूर केली, मग घेतले.

मुलाचा डोळा बरा झाला आहे. खालच्या बाजूला एक धूसर पट्टा राहिला. वाचायला अडचण येत नाही, रात्री समोरून गाडीचा दिवा आला की त्या डोळ्यात फटाकतो. आणखी किती निवळेल ते नेत्रतज्ज्ञ सहा महिन्यांनी सांगतील. मागच्या आठवड्यात पेठेतून जाताना त्याच्या दुकानात डोकावलो. टेबलाच्या कडेला एक चष्मा लटकत होता आणि खाली झाकण घातलेली पाण्याची बादली होती. "आईनं ठेवलीय," तो म्हणाला. "रोज सकाळी ताजं पाणी भरून देते आणि संध्याकाळी विचारते, वापरलं का."